माल्टाची भाषा आणि आपली वक्तृत्व स्पर्धा

आपल्या मंडळातली दहा-बारा कुटुंबे तरी दर हिवाळ्यात माल्टाला जाऊन येतात. विमान तीन तासांचे, ऊन हमखास, गाड्या इथल्यासारख्याच डावीकडून चालतात आणि इंग्रजी सगळ्यांना येते. परत आल्यावर व्हॉट्सअ‍ॅपवर निळ्या पाण्याचे आणि वॅलेटाच्या पिवळ्या दगडी तटांचे फोटो येतात. त्या तटांच्या आत लोक आपसांत जी भाषा बोलतात, तिच्याविषयी मात्र कोणी काही सांगत नाही. म्हणून हा लेख. त्यामागे माझी एक तक्रारही आहे, ती पुढे येईलच.

माल्टाचे क्षेत्रफळ 316 चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबई शहर आणि उपनगरे मिळून जेवढी होतात त्याच्या साधारण निम्मे. लोकवस्ती पाच लाखांहून थोडी अधिक. भूमध्य समुद्राच्या ऐन मध्यावर आणि उत्तम बंदर असलेले, त्यामुळे ज्याच्याकडे आरमार होते त्या प्रत्येकाला हे बेट हवे होते. फिनिशियन आले, कार्थेज आले, इ.स.पू. 218 मध्ये रोम आले, मग बायझंटाईन. 870 मध्ये अरबांनी ते घेतले, 1091 मध्ये सिसिलीहून नॉर्मन उतरले. 1530 मध्ये सम्राट पाचव्या चार्ल्सने ते सेंट जॉनच्या सरदारांना देऊन टाकले, 1798 मध्ये इजिप्तला जाता जाता नेपोलियनने बळकावले आणि दोन वर्षांत ते इंग्रजांकडे गेले, ते थेट 1964 पर्यंत.

यातल्या बहुतेकांनी दगड मागे ठेवले. अरबांनी भाषा ठेवली. तेराव्या शतकात तिथले मुसलमान निघून गेले किंवा ख्रिस्ती झाले, पण बोली तीच राहिली. आजही कट्टर कॅथलिक माल्टीज माणूस देवाला ‘अल्ला’ म्हणतो आणि ईस्टरपूर्वीच्या उपवासाच्या काळाला ‘रांदान’, म्हणजे आपला रमजान. पावाला ‘होब्झ’ म्हणतात, जगाला ‘दिन्या’. हा शब्द आपल्याकडे फारसीतून ‘दुनिया’ होऊन आला. गंमत म्हणजे आईसाठीचा ‘ओम्म’ अरबी आहे आणि वडिलांसाठीचा ‘मिस्सियेर’ इटालियन घराण्यातला. शब्दकोश उघडला तर निम्म्याहून अधिक शब्द सिसिलियन, इटालियन आणि इंग्रजीतून आलेले दिसतात. तरीही भाषाशास्त्रज्ञ तिला अरबीच्या कुळातलीच मानतात, आणि त्यांचे बरोबर आहे.

का बरोबर आहे, ते एका शब्दावरून कळते. सिसिलीहून आलेला ‘कामरा’ म्हणजे खोली. (हिंदीतला ‘कमरा’ त्याचाच भाऊ, तो पोर्तुगिजांबरोबर आला.) इटालियन माणूस अनेकवचनासाठी शेवटचा स्वर बदलतो. माल्टीज माणूस शब्दाच्या पोटात हात घालून अरबी पद्धतीने त्याचे ‘क्मामर’ करतो. इंग्रजी ‘पार्क’चेही तेच केले: मी गाडी लावतो, ‘निप्पार्क्या’, तू लावतोस, ‘तिप्पार्क्या’, आम्ही लावतो, ‘निप्पार्क्याव’. शब्द लंडनचा, पुढचे-मागचे प्रत्यय थेट अरबी. पाहुण्याला घरात घेतले, पण चपला बाहेर काढायला लावल्या.

आता तक्रार. आपल्या मंडळाच्या वक्तृत्व स्पर्धेत प्रत्येक इंग्रजी शब्दाला अर्धा गुण कापतात. गेल्या वर्षी कनिष्ठ गटातली नऊ वर्षांची एक मुलगी आजीच्या स्वयंपाकघराविषयी कागद न घेता चार मिनिटे बोलली. ‘फ्रिजमधलं मिल्क संपलं की आजी माझ्यावरच ओरडते’ हे तिचे वाक्य. तिचे तीन गुण गेले. पहिला आला तो वडिलांनी लिहून दिलेले पर्यावरणावरचे भाषण पाठ म्हणणारा मुलगा. त्यात ‘आम्ही समुद्रकिनारी एक चांगला वेळ घेतला’ असे वाक्य होते. सगळे शब्द मराठी, बांधणी नखशिखान्त इंग्रजी, आणि एकही गुण गेला नाही.

माझ्या मते परीक्षण उलटे झाले. ‘मधलं’, ‘संपलं की’, ‘माझ्यावरच’ यांत मराठी आहे. त्या ‘च’मधला आजीवरचा लटका राग पाठांतराने येत नाही. मिल्कचे दूध एका आठवड्यात करता येते. ‘च’ एका आठवड्यात शिकवता येत नाही.

शिवाजी महाराजांनी रघुनाथ पंडितांकडून राज्यव्यवहारकोश करून घेतला, त्याचे काय, असे मला हमखास विचारले जाईल. तो कोश राज्यकारभारासाठी होता, फारसीऐवजी दरबाराला स्वतःची परिभाषा मिळावी म्हणून. घरात बोलणाऱ्या मुलांना दंड करण्यासाठी नव्हे. आणि इतके होऊनही जमीन, वकील, दरवाजा आपल्याकडे राहिलेच. त्यांच्यामुळे मराठीचे काय बिघडले?

पण दुसरी बाजूही आहे, आणि ‘घरात बोलतो ना, मग पुरे’ म्हणणाऱ्यांना ती आवडणार नाही. माल्टीज शेकडो वर्षे नुसती बोलली जात होती. तिच्यातली आज उपलब्ध असलेली सर्वांत जुनी रचना पंधराव्या शतकातली, पेत्रू काशारोची वीस ओळींची कविता. तीही 1966 मध्ये एका नोटरीच्या लॅटिन दस्तांत सापडली. कोर्टाची भाषा इटालियन होती; शेतकऱ्यावर खटला चालायचा तो त्याला न कळणाऱ्या भाषेत. शिकलेले लोक माल्टीजला स्वयंपाकघराची भाषा म्हणून हिणवत. मिकिएल आन्तोन वासाल्ली याने अठराव्या शतकाच्या अखेरीस तिचे व्याकरण आणि कोश लिहिला. 1825 मध्ये तो तिथल्या विद्यापीठात या भाषेचा पहिला प्राध्यापक झाला. 1920 मध्ये लेखकांनी संघ काढला आणि चार वर्षांत रोमन लिपीतली एकच वर्णमाला ठरवली. 1934 मध्ये भाषा अधिकृत झाली. त्यात इंग्रजांचा स्वार्थ होता, त्यांना इटलीचे वजन कमी करायचे होते. होईना का. आज तिथली संसद आणि कोर्ट माल्टीजमध्ये चालते, आणि 2004 पासून ती युरोपीय संघाची अधिकृत भाषा आहे. तरी स्लीमाच्या बाजूची सुखवस्तू घरे मुलांशी इंग्रजीच बोलतात. ते चित्र आपल्याला नवे नाही.

आपल्या कार्यकारिणीचे इतिवृत्त इंग्रजीत, ईमेल इंग्रजीत, वार्षिक सभा इंग्रजीत. मराठी उरली आरतीला आणि नाटकाला. मुलांना कळते की कामाची भाषा कोणती. म्हणून सभेतला निदान एक विषय मराठीत चालावा. या अंकात इथे वाढलेल्यांनी स्वतः लिहिलेली चार मराठी पाने असावीत, आणि देवनागरी येत नसेल तर रोमन लिपीत लिहिलेलेही घ्यावे. फादर स्टीफन्सचे ‘ख्रिस्तपुराण’ 1616 मध्ये गोव्यात रोमन लिपीतच छापले गेले, आणि ते मराठी नाही असे कोणी म्हणत नाही. स्टीफन्स तर विल्टशायरचा इंग्रज.

आणि तो अर्धा गुण रद्द करावा. कापायचाच असेल तर पाठ केलेल्या भाषणाचा कापावा. स्पर्धा मार्चमध्ये आहे. नियमांचा कागद जानेवारीच्या बैठकीत येईल. ज्यांना माझे म्हणणे पटत नाही त्यांनी त्या बैठकीला जरूर यावे, आणि वाद मराठीत घालावा.