टॅरिफ आणि तारीफ

इतवारींतील एखाद्या व्यापाऱ्यास 'टॅरिफ' म्हणजे काय असें विचारलें, तर तो क्षणाचाही विलंब न लावतां 'परदेशी मालावरील जकात' असें सांगेल. पण आपण गवयाची जी तारीफ करतों तीच ही, असें म्हटल्यास तो हंसेल. तथापि गोष्ट खरी आहे. दोन्ही शब्दांचें मूळ अरबी 'तअरीफ' हें असून त्याचा अर्थ कळविणें, जाहीर करणें. फारशीच्या वाटेनें तो मराठींत येऊन स्तुति झाला. भूमध्य समुद्रावरील व्यापाऱ्यांच्या तोंडून इटालियन व फ्रेंच भाषांत शिरून तो इंग्रजींत गेला आणि जकातीच्या दरपत्रकास चिकटला. (स्पेनांतील तारिफा बंदरांत चांचे जकात उकळीत, त्यावरून हा शब्द निघाला अशी एक कथा सांगतात, ती ऐकण्यास गोड, पण निराधार आहे.) म्हणजे या शब्दांत कर घेणें हें मागाहून आलें, कळविणें हें मूळचें.

नागपुरास हा शब्द पूर्वींच महाग पडला आहे. जमशेटजी टाटांनीं १८७७ सालीं येथें एम्प्रेस मिल सुरू केली. १८९६ सालीं सरकारनें विलायती कापडावरील जकात साडेतीन टक्क्यांवर आणिली आणि लँकेशायरच्या समाधानार्थ तितकाच कर देशी गिरण्यांच्या कापडावर बसविला. तो थांबण्यास १९२५ चा डिसेंबर उजाडावा लागला. अन्याय उघड होता. पण दर एकच राहिल्यानें गिरणीवाल्यास हिशेब तरी करतां आला.

आतां स्वराज्यांतील गोष्ट पाहा. कापसावरील ११ टक्के आयात जकात २०२५ सालीं १९ ऑगस्टपासून उठविली गेली; प्रथम ३० सप्टेंबरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत. त्याच महिन्यांत अमेरिकेनें आपल्या बहुतेक मालावरील कर ५० टक्क्यांवर नेल्यामुळें गिरण्यांस स्वस्त कापूस हवा होता, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु विदर्भांतील पेरणी जून-जुलैंतच आटोपली होती. शेतकऱ्यानें बियाण्यास व खतास कर्ज काढलें तें जकात आहे असें धरून, आणि त्याचा कापूस बाजारांत येऊं लागला तेव्हां ती नव्हती. पेरल्यावर कळविणें याला कळविणें कसें म्हणावें?

कापसाच्या जकातींतील फेरफार मृगापूर्वीं जाहीर व्हावा व हंगाम संपेपर्यंत तो बदलूं नये, अशी मागणी येथील व्यापारी मंडळ्यांनीं व बाजार समित्यांनीं एकमुखानें केली पाहिजे. हें केवळ परोपकाराचें काम नव्हे. कापसाचा भाव पडला म्हणजे कापडाची व किराण्याची उधारी दिवाळी उलटली तरी वसूल होत नाहीं, हें ज्याच्या त्याच्या वहींत लिहिलेलें आहे.