न्यायाचा लिलाव

दिवाळीच्या फराळाशेजारी फौजदारी खटल्याचा विषय वाढलेला कित्येकांना रुचणार नाही. पण जो सण नरकासुराच्या वधाने उजाडतो, त्याला जुलमी सत्ताधीशांच्या शिक्षेचे वावडे का असावे? ‘निम्म्या बंदिनी सोड, तुझ्यावरचा आरोप मागे घेतो,’ असा सौदा कृष्णाने केल्याचे ऐकिवात नाही.

आजचे मुत्सद्दी मात्र याच सौद्याला शहाणपण म्हणतात. राष्ट्रप्रमुखावर आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे वॉरंट निघाले, की तो म्हणे त्याच्या गळ्यातला दोर! वळला तर सैल सोडायचा, अडला तर आवळायचा. वाचकहो, ज्या दिवशी वॉरंटला किंमत लागते, त्या दिवशी ते वॉरंट राहत नाही, हुंडी होते.

लायबेरियाचा अध्यक्ष चार्ल्स टेलर घ्या. शेजारच्या सिएरा लिओनमध्ये निरपराधांचे हातपाय तोडणाऱ्या बंडखोरांना त्याने साह्य केले. जून २००३ मध्ये तो शांततेच्या बोलण्यांसाठी घानात आला असतानाच विशेष न्यायालयाचे आरोपपत्र उघड झाले. घानाने त्याला धरले नाही. ऑगस्टमध्ये तो खुर्ची सोडून नायजेरियाच्या आश्रयाला गेला. मुत्सद्दी सांगतात, ‘पाहा, आश्रय देऊ केला म्हणून रक्तपात थांबला!’ असेलही. पण पुढचे पान का झाकता? आश्रय मिळाला, तरी आरोपपत्र कोणी फाडले नव्हते. २००६ साली टेलर पकडला गेला. २०१२ साली त्याला ५० वर्षांची शिक्षा झाली.

युगोस्लाव्हियाच्या मिलोशेविचवर मे १९९९ मध्ये, बाँबवर्षाव चालू असताना, आरोप ठेवला गेला. आता हा तहाला कसला येतो, असा सूर निघाला. जूनमध्ये त्याने अटी मान्य केल्या!

सुदानची गोष्ट याहून कडू. मार्च २००९ मध्ये बशीरवर वॉरंट निघताच त्याने १३ परदेशी मदतसंस्था हाकलल्या. भोगले दारफुरच्या निर्वासितांनी. पण हा दोष वॉरंटचा, की ते कागदावर ठेवणाऱ्यांचा? २०१५ साली हाच बशीर परिषदेला दिल्लीत येऊन गेला. भारत त्या न्यायालयाचा सभासद नाही, तेव्हा त्याला धरण्याचे बंधन आपल्यावर नव्हते, हे खरे. पण पाहुणचाराचे तरी कुठे होते?

आणि दोर धरणारे हात कुणाचे? रोमच्या कराराच्या १६ व्या कलमाने सुरक्षा समितीला कोणताही खटला १२ महिने, आणि पुन्हा पुन्हा, थोपवता येतो. त्या समितीच्या पाच कायम सभासदांपैकी अमेरिका, रशिया व चीन हे तिघे न्यायालयाचे सभासदच नाहीत! मार्च २०२३ मध्ये रशियाच्या पुतिनवर वॉरंट निघाले, तेव्हा अमेरिकेच्या अध्यक्षांना ते रास्त वाटले. नोव्हेंबर २०२४ मध्ये इस्रायलच्या नेतान्याहूंवर निघाले, तेव्हा त्याच अध्यक्षांना ते संतापजनक वाटले. ज्याला स्वतःच्या हातावर छडी नको, त्याच्या हाती वर्गाची छडी द्यावी काय?

तह अवश्य व्हावेत. शत्रूशी बोलावे, त्याला खुर्चीवरून उतरायला वाटही द्यावी. पण त्या वाटेच्या भाड्यात न्याय घालू नये, कारण तो देणाऱ्याच्या मालकीचा नाही. माफी द्यायचीच असेल, तर ज्याचा हात तुटला त्याने द्यावी. ज्यांची दहाही बोटे शाबूत आहेत, त्यांनी वाटाघाटीच्या मेजावरून नव्हे.