सुट्टीही शिकवते

उद्या तुम्ही शिक्षणासाठी परगावी जाल. तेथे सुट्टीचा दिवस खोलीत झोपून घालवू नका. सुट्टीतही शिकता येते.

थोर पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली पक्षिशास्त्र शिकायला बर्लिनला गेले. परतल्यावर नोकरी मिळेना. मग आजच्या रायगड जिल्ह्यातील किहीम येथे राहून त्यांनी सुगरण पक्ष्याचे बारकाईने निरीक्षण केले. घरटे नर विणतो आणि मादी ते पारखून पसंत करते, हे त्यांनी नोंदवले.

पनवेलजवळच कर्नाळा पक्षी अभयारण्य आहे. पहाटे जा आणि शांत राहा, म्हणजे पक्षी दिसतील. माकडांना मात्र खाऊ देऊ नका. काहीजण याला दया म्हणतात. मला ते पटत नाही. आयत्या खाण्याची सवय लागली, की माकडे रान सोडून महामार्गावर येतात आणि गाड्यांखाली सापडतात. ही कसली दया?

थंडीत कोणी पोपटी खायला बोलावले, तर अवश्य जा. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला आणि वालाच्या शेंगा भरून बाहेरून जाळ करतात. गरम शेंगा सोलता सोलता गप्पा रंगतात, मराठीही सहज जिभेवर येते. मग ते गाव परके राहत नाही.