अंगण खरंच वाकडं असतं तेव्हा

'नाचता येईना अंगण वाकडं' ही म्हण ज्याने काढली त्याने रेझिनचं मॉडेल कधी जोडलं नसणार. या छंदात अंगण पुष्कळदा खरोखरच वाकडं असतं, आणि तरीही दोष नाचणाऱ्यालाच द्यायची रीत पडून गेली आहे. तिच्याविरुद्ध कोणी बोलत नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

ज्यांना हे प्रकरण नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. टेबलावर छोटे सैनिक मांडून लढाया खेळण्याचा नाद इंग्लंडात जुना आहे. एच. जी. वेल्सने १९१३ साली 'लिटल वॉर्स' नावाचं नियमांचं पुस्तकच लिहिलं होतं. आज त्यात सगळ्यात गाजणारं नाव नॉटिंगहॅमच्या गेम्स वर्कशॉपच्या 'वॉरहॅमर ४०,०००' चं. हा खेळ १९८७ साली आला. त्यातला साधा माणूस २८ मिलिमीटरच्या आसपास असतो, आणि त्याच्यासमोर उभी राहणारी 'टायटन' नावाची यंत्रं मात्र अवाढव्य. फोर्ज वर्ल्ड या त्यांच्या विभागाने २०१५ साली काढलेला वॉरलॉर्ड टायटन ५० सेंटिमीटरहून उंच, आणि किंमत शस्त्रं धरून हजार पौंडांच्या पुढे!

एवढी मोठी आणि कमी खपणारी वस्तू नेहमीच्या प्लास्टिकमध्ये करायची तर धातूचे महागडे साचे लागतात. म्हणून ती पॉलियुरेथेन रेझिनमध्ये, सिलिकॉनच्या साच्यात ओततात. या साच्यात बारीकसारीक नक्षी सुरेख उतरते, पण साचा लवकर झिजतो. मग दोन अर्धुकं सरकतात, हवेचे बुडबुडे अडकतात, लांब भाग साच्यातून काढल्यावर वाकतात.

आता मुद्द्यावर येतो. या कामात दोन प्रकारचे कष्ट असतात, आणि आपण ते एकाच पोत्यात भरतो.

पहिले कष्ट सामग्रीचे. भागांवर साच्यातून सुटण्यासाठी लावलेलं तेलकट द्रव्य असतं. ते कोमट साबणाच्या पाण्याने धुतलं नाही तर ना गोंद धरत ना रंग. प्लास्टिकचा गोंद इथे चालतच नाही, कारण तो प्लास्टिक विरघळवून जोडतो आणि रेझिन त्याला दाद देत नाही. सुपरग्लू धरतो, पण ठिसूळ. धक्का बसला की सांधा सुटतो. म्हणून घोट्याला, गुडघ्याला, कमरेला भोकं पाडून पितळी सळई घालायची आणि मोठ्या सांध्यांना दोन भागांचं एपॉक्सी लावायचं. याबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. सुतार लाकडाला रेषा असतात म्हणून रडतो का?

आणि यातच खरा आनंदही आहे. सरळसोट उभा असलेला टायटन चालता करायचा असेल तर गुडघा कापून कोन बदलावा लागतो. कोन बदलला की मागचे पिस्टन आखूड किंवा लांब पडतात, मग ते कापून मध्ये पितळी नळी बसवायची. पाऊल टेकतं तिथे बोटं वेगवेगळी वाकवायची, म्हणजे वजन जमिनीवर पडल्यासारखं दिसतं. राहिलेल्या फटी पुट्टीने भरायच्या. निळी-पिवळी पट्टी मळून हिरवी होणारी पुट्टी चिवट असते, तिला बोट ओलं करून आकार द्यावा, पण घासायच्या जागी मिलिपुटच बरी. हे सगळं मी तासन् तास करतो. हे माझं काम आहे, आणि मीच ते निवडलेलं आहे.

दुसरे कष्ट मात्र कारखान्याचे. साचा सरकल्यामुळे मांडीच्या दोन बाजूंत पडलेली पायरी. चेहऱ्याच्या ऐन मध्यावर बुडबुड्याचा खड्डा. केळ्यासारखी वाकलेली तोफेची नळी. हा माल ओतणाऱ्याच्या टेबलावरच बाजूला काढायला हवा होता. तो डब्यात भरून माझ्याकडे पाठवला, म्हणजे तपासनीसाचा पगार वाचवला आणि त्याचं काम मला दिलं. वर पैसेही माझ्याकडूनच घेतले!

यावर ठरलेलं उत्तर येतं : "अहो, हे रेझिन आहे. गरम पाण्यात धरा, सरळ करा, थंड पाण्यात बुडवा. झालं." होतं खरं. मीही करतो. पण गरम पाण्याने वाक जातो, सरकलेला साचा सरळ होत नाही. आणि घासून काढायचं म्हटलं तर त्याची बारीक धूळ फुप्फुसांना वाईट. मास्क लावून, पाणी घालून घासावं लागतं. म्हणजे दुसऱ्याची चूक दुरुस्त करताना तोंड बांधून बसायचं, वेळही आपला आणि फुप्फुसंही आपलीच.

दुसरं उत्तर असं की कमी संख्येत काढलेला माल असाच असणार. मान्य, कमी संख्येमुळे किंमत वाढते. म्हणून तर आम्ही ती किंमत देतो! पण जास्त किमतीचं कारण आणि वाईट मालाचं कारण एकच कसं असेल? साचा झिजला की बदलायचा खर्च त्या किमतीतच धरलेला असायला हवा.

तिसरे म्हणतात, आता घरीच छापा. त्रिमिती छपाईचं रेझिन वेगळं असतं, अतिनील प्रकाशात घट्ट होणारं, आणि कच्चं असताना कातडीला अपाय करणारं. त्याचे आधार काढून खुणा घासाव्याच लागतात. कोणी खुशाल छापावं. पण शेजारी खानावळ उघडली म्हणून आधीच्या खानावळीने भात कच्चा वाढावा का?

मला या सगळ्यात कंपन्यांपेक्षा आपल्याच जुन्या मंडळींचा राग येतो. इथल्या आमच्या क्लबात एक शाळकरी मुलगा आला होता. वर्षभर साठवलेल्या पैशांचं मॉडेल, आणि दोन्ही पायांची लांबी वेगळी. त्याने विचारलं तर एक ज्येष्ठ हसून म्हणाले, "बाळा, हे हाताचं काम आहे, प्रत्येकाला जमत नाही." मुलाने डबा बंद केला. पुन्हा दिसला नाही. पाय मी मोजले होते, चार मिलिमीटरचा फरक होता. त्यात त्याच्या हाताचा काय संबंध? त्याला "हा भाग परत पाठव, बदलून मिळेल" एवढं सांगणारा एकही जण त्या टेबलाशी नव्हता. मी मोजपट्टी ठेवून वर बघेपर्यंत तो दाराबाहेर गेला होता.

आपण सोसलं म्हणून पुढच्यानेही सोसावं, हे सासूचं तत्त्वज्ञान आहे. त्याला कौशल्य म्हणू नये.

तेव्हा मंडळी, नवीन कोणी वाकडा भाग घेऊन आला तर आधी तो भाग हातात घेऊन बघा. वाक असेल तर गरम पाणी दाखवा. साचाच सरकला असेल तर त्याला फोटो काढायला लावा आणि तक्रारीचं पत्र लिहायला मदत करा. गुडघा कापायला शिकवणं त्यानंतरही होईल. त्यासाठी माझी करवत केव्हाही मागा.