पाऊस बघायला शहर, कचरा उचलायला गाव

पावसाळा सुरू झाला की शनिवार-रविवारी पौडच्या पुढे गाड्यांची रांग लागते. मुळशी धरण, ताम्हिणी घाट, प्लस व्हॅली, अंधारबन. जिथे पाणी पडताना दिसेल तिथे गाडी थांबते. सोमवारी सकाळी जाऊन पाहावे तर ओढ्याच्या कडेला फुटक्या बाटल्या, वेफर्सची पाकिटे, कागदी प्लेटा. भातखाचरात उतरणाऱ्या बाईच्या पायात काच जाते आणि गुरांच्या पोटात प्लॅस्टिक. पाहुणे मात्र पुण्या-मुंबईला पोचलेले असतात.

ताम्हिणी परिसरातील सुमारे पन्नास चौरस किलोमीटर वन २०१३ साली अभयारण्य म्हणून जाहीर झाले. शेकरूचे हे घर. अभयारण्यात काय करू नये हे वन्यजीव कायद्यात लिहिलेले आहे. पण मधून रहदारीचा रस्ता जातो आणि मूठभर वनरक्षक हजारोंच्या गर्दीला कुठे कुठे पुरणार?

३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. त्याच सुमारास प्लस व्हॅलीत एका तरुणाचा बळी गेला. मग जिल्हा प्रशासनाने मुळशीसह अनेक ठिकाणी बंदीचे आदेश काढले. अतिवृष्टीत बंदी हवीच, त्याबद्दल वाद नाही. पण बंदी लागली की रस्त्यावर कणीस भाजणाऱ्याची चूल विझते, बड्या रिसॉर्टचे काही अडत नाही. आणि बंदी उठली की पुन्हा तीच गर्दी, तोच कचरा. याला नियोजन कसे म्हणायचे?

नियोजन पाहायचे तर शेजारच्या सातारा जिल्ह्यात कास पठारावर जावे. तिथे फुलांच्या हंगामात रोज किती माणसे सोडायची ते ठरलेले असते. नोंदणी आधी करावी लागते, शुल्क द्यावे लागते. वन खात्याबरोबर गावकऱ्यांची समिती हे काम पाहते, गावची पोरे वाटाडे आणि राखणदार म्हणून उभी राहतात. तिथेही कुरबुरी आहेत, कुंपणावरून वाद झाले. पण पठार राखण्यात गावाचा हात आहे आणि पैशात वाटाही.

मुळशीत हे का होऊ नये? वाहनतळ गावाबाहेर, तिथेच शुल्क, दिवसाची संख्या ठरलेली, कोणत्या पाण्यात उतरायचे नाही हे सांगायला गावचाच माणूस, आणि जमा रकमेचा हिशेब ग्रामसभेपुढे. एवढे केले तरी पुष्कळ.

या तालुक्याने एकदा फार मोठी किंमत मोजली आहे. १९२१ साली सेनापती बापटांसह मावळे सत्याग्रहाला उभे राहिले, तरी धरण झालेच. जमिनी बुडाल्या, वीज मुंबईला गेली. तेव्हा गावाला कोणी विचारले नाही. आता डोंगर आणि धबधबे विकले जात आहेत. निदान या वेळी तरी पहिला पाऊस पडायच्या आत ग्रामसभा बोलवा आणि गावाला विचारा.