विश्लेषण : बॉल आधी पोहोचला, तरी रनर ‘सेफ’ कसा? सॉफ्टबॉलमधील अडथळ्याचा नियम काय आहे?

२०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये क्रिकेट असणार, हे सगळ्यांना ठाऊक आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत झालेल्या ज्या बैठकीत हा निर्णय झाला, त्याच बैठकीत बेसबॉल-सॉफ्टबॉलच्या पुनरागमनावरही शिक्कामोर्तब झाले. त्याची चर्चा आपल्याकडे फारशी झाली नाही. सॉफ्टबॉलचे सामने ओक्लाहोमा सिटीत होतील. तेव्हा या खेळाच्या क्लिप्स मोबाइलवर फिरतील आणि एक प्रसंग क्रिकेटप्रेमींना नक्की बुचकळ्यात टाकेल : बॉल आधी आला, टॅगही झाला, तरी पंचांनी रनरला सेफ दिले.

एक शब्द, दोन गुन्हे

मराठीत दोन्हींना आपण ‘अडथळा’च म्हणतो, गोंधळ तिथूनच सुरू होतो. बॅटिंग करणाऱ्या संघाने फिल्डरला अडवले, तर ते इंटरफिअरन्स. फिल्डरने रनरची वाट अडवली, तर ते ऑब्स्ट्रक्शन. मे २०२४ मध्ये आयपीएलमध्ये राजस्थानविरुद्ध रवींद्र जडेजा ‘ऑब्स्ट्रक्टिंग द फील्ड’ नियमाने बाद झाला होता. सॉफ्टबॉलच्या भाषेत ते इंटरफिअरन्स ठरले असते. म्हणजे तोच इंग्रजी शब्द, अर्थ मात्र नेमका उलटा!

हातात बॉल नसलेला आणि बॉल अडवण्याच्या प्रयत्नातही नसलेला फिल्डर रनरच्या वाटेत आला, की ऑब्स्ट्रक्शन होते. धक्का लागलाच पाहिजे असे नाही, रनरला वेग कमी करावा लागला किंवा वळसा घ्यावा लागला तरी पुरे. फिल्डरचा हेतू काय होता, हा प्रश्न इथे येतच नाही.

हेतू नव्हता, तरी सामना गेला

याचे गाजलेले उदाहरण बेसबॉलमधले आहे, पण तत्त्व तेच. २६ ऑक्टोबर २०१३, वर्ल्ड सिरीजचा तिसरा सामना, सेंट लुईस. कार्डिनल्स आणि रेड सॉक्स ४-४ अशा बरोबरीत, शेवटची इनिंग. रेड सॉक्सच्या कॅचरने थर्ड बेसकडे फेकलेला बॉल निसटून मागे गेला. तो पकडायला झेपावलेला थर्ड बेसमन विल मिडलब्रुक्स जमिनीवर आडवा झाला आणि होमकडे निघालेला अॅलन क्रेग त्याच्यावर अडखळून पडला. क्रेगला होमवर टॅग करण्यात आले, पण पंच जिम जॉइस यांनी आधीच ऑब्स्ट्रक्शन दिले होते. रन मोजली गेली, सामना संपला. बिचारा मिडलब्रुक्स! पण बॉल निसटल्यावर त्याची सवलतही संपली होती. (मालिका शेवटी रेड सॉक्सनेच ४-२ अशी जिंकली.)

मग पंचांनी खेळ लगेच का थांबवला नाही? कारण थांबवल्यास ज्याच्यावर अन्याय झाला, त्याच्याच पुढच्या धावा बुडतील. म्हणून सॉफ्टबॉलमध्ये पंच डावा हात आडवा धरून मूठ दाखवतात आणि खेळ चालू राहतो. ज्या दोन बेसच्या मध्ये रनरला अडवले, त्या टप्प्यात तो सहसा बाद होत नाही. अडथळा नसता तर तो कुठवर पोहोचला असता, ते पंच ठरवतात. इंटरफिअरन्समध्ये मात्र बॉल तिथेच डेड होतो आणि सहसा कुणीतरी बाद ठरते.

शाळेच्या मैदानावर काय?

महाराष्ट्रात शालेय स्पर्धांत सॉफ्टबॉल खेळला जातो आणि तिथे रिप्ले नसतो. एका निर्णयावर पुढच्या फेरीतला प्रवेश, प्रमाणपत्र आणि त्यावर मिळणारे दहावी-बारावीचे सवलतीचे क्रीडा गुण अवलंबून असू शकतात. म्हणून पालक-प्रशिक्षकांनी एक फरक लक्षात ठेवावा. ‘वाट अडवली की नाही’ हा पंचांच्या नजरेचा निर्णय, त्यावर प्रोटेस्ट चालत नाही. पंचांनी ऑब्स्ट्रक्शन मान्य करूनही त्याच टप्प्यात टॅग झालेल्या रनरला चुकीने बाद दिले, तर तो नियम लावण्यातला दोष ठरतो. त्यावर प्रोटेस्ट करता येतो, पण पुढचा पिच पडण्याआधी.