शेजाऱ्याला आपले दार दिसते का?

दिवाळीत घर बंद करून गावी जाणार असाल तर शेजाऱ्यांना सांगून जा, असे आवाहन पोलीस करतात. त्यात एक गोष्ट गृहीत आहे: शेजाऱ्याला आपले दार दिसते. साताऱ्याच्या मंगळवार पेठेत, चिमणपुऱ्यात किंवा सांगलीच्या गावभागात, खणभागात ते दिसते. उंबरठा रस्त्यालाच लागलेला, खाली दुकान, वर बिऱ्हाड, पायरीवर कोणी तरी टेकलेले. अनोळखी माणूस बोळात शिरला की ‘कोण पाहिजे?’ असे कोणी तरी विचारतेच. रस्त्याची खरी राखण पोलिसांच्या आधी तिथल्या माणसांची नजर करते, हे जेन जेकब्स यांनी १९६१ मध्ये अमेरिकी शहरांविषयी लिहिले. आपल्या पेठा त्याच्या कितीतरी आधीपासून तशाच नांदत होत्या.

शहर आता वाढते आहे ते मात्र या नजरेबाहेर. सांगली-मिरज-कुपवाडच्या गुंठेवारीत शेतजमिनीचे तुकडे मंजूर रेखांकनाशिवाय विकले गेले. २००१ च्या कायद्याने ते नियमित करण्याची वाट निघाली. पण कागद नियमित झाला म्हणून रस्ता होत नाही. घरांच्या मध्ये मोकळे प्लॉट, त्यांत वाढलेली झुडपे, दिव्याचा खांब पार कोपऱ्यावर. सायंकाळी क्लासहून परतणाऱ्या मुलीला लांबचा रस्ता धरावा लागतो. सुखवस्तू कॉलन्यांत उलटा प्रकार: पुरुषभर उंच भिंत. चोर ती चढून आत उतरला की तीच त्याचा आडोसा होते. कुंपण दीड मीटरहून उंच हवे तर वरचा भाग आरपार दिसणारा ठेवा, असे राष्ट्रीय इमारत संहिता सांगते ते उगाच नव्हे.

गुन्हा बेकारीतून, व्यसनातून येतो, भिंतीतून नव्हे, असे कोणी म्हणेल. खरे आहे, घरातल्या मारहाणीला तर रस्त्यावरचा दिवा काहीच करू शकत नाही. पण संधी मिळणे न मिळणे जागेवर ठरते. न्यूयॉर्कमध्ये २०१६ साली यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या सरकारी वसाहतींत प्रखर दिवे लावले, तेव्हा तिथले रात्रीचे घराबाहेरचे गंभीर गुन्हे सुमारे ३६ टक्क्यांनी घटले. दुसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो: पेठेची हीच नजर मुलींच्या येण्याजाण्यावर, परजातीच्या पाहुण्यावरही रोखलेली असे. म्हणून भावकीचा पहारा परत आणायचा नाही. किराणा दुकान, भाजीची गाडी, बसथांबा यांच्यामुळे रस्त्यावर जी ये-जा राहते ती हवी. तिथे कोणी कोणाचा हिशेब मागत नाही, पण हाक मारली तर माणूस धावतो. कॅमेरा चोराचा चेहरा दाखवील, धावून येणार नाही. सातारा पालिकेची हद्द २०२० मध्ये वाढली आहे. त्या नव्या भागात रेखांकन मंजूर करतानाच दुकानांची जागा आणि दिव्यांचे खांब नकाशावर दाखवून घ्यावेत. घरे उभी राहिल्यावर ते जमत नाही.